नियम चौथा

पहिल्या बैठकीला सातजण. वाचनालयाची शेगडी धुमसते आहे,
ओल्या मोज्यांचा वास, आणि हेल्मीच्या वेलदोड्याच्या पावांचा.
बेटाची दीडशे वर्षं एका पुस्तकात मावायची आहेत:
जाड कागद, कापडी बांधणी, तीस बाय तीस सेंटिमीटर.
"कॉफी टेबल बुक," मी म्हणते.
आडो विचारतो, "कुठलं टेबल?"

प्रश्न रास्त आहे. आमच्या एस्टोनियन बेटावर कॉफी पितात ती स्वयंपाकघरात,
मेणकापडावर, मासे साफ करून झाल्यावर.
एवढं पुस्तक तिथे ठेवलं तर कप ठेवायचा कुठे?
हेल्मी टेप काढते, टेबल मोजते, मान हलवते.
"मांडीवर घेऊन बघू. लेकराला घेतो तसं."
ठराव मंजूर. इतिवृत्तात मी एकच शब्द लिहिते: मांडी.

मग नियम.
घरटी तीनच फोटो.
मूळ प्रत आणावी, मोबाइलवर काढलेला फोटोचा फोटो चालणार नाही.
दीपगृह नको,
कारण मागे कॅलेंडरसाठी चाळीस आले, त्यात अडतीस दीपगृहं,
सगळी सूर्यास्ताची,
जणू बेटावर दुसऱ्या कुठल्या वेळी उजेडच नसतो.
आणि चौथा: फोटोतल्या प्रत्येकाचं नाव मागे लिहिलेलं हवं.
नाव नाही, तर पान नाही.
चौथा माझा. एकतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली,
हाताची खोड जात नाही.

फोटो येऊ लागतात. बिस्किटांच्या डब्यांतून, बायबलच्या पानांतून,
एक तर भिंतीवरून थेट, मागच्या जळमटासकट.
गोठलेल्या समुद्रावरून ढकलगाडीवर निघालेली नवरी.
होडीत उभा बैल, आम्हा सगळ्यांपेक्षा शांत.
कारेलची शेळी, आणि शेळीच्या मागे, बारीकसं, दीपगृह.
"फोटो शेळीचा आहे," कारेल म्हणतो.
वीस मिनिटं वाद. शेळी जिंकते.

शेवटच्या दिवशी, दार लावता लावता, लेइडा.
एकच फोटो. धक्क्यावर पाचजण, रविवारचे कपडे.
चेहरे चार.
पाचव्याच्या जागी सुईनं खरवडून खरवडून
पांढरी झालेली वाटोळी जागा. वरची टोपी शाबूत.
मी फोटो उलटते. मागे पाच नावं:
चार शाईची, फिकटलेली,
पाचवं पेन्सिलीनं, अलीकडचं, थरथरतं. एडुआर्ड.

"भांडण झालं होतं?" हेल्मी हळूच विचारते.
"छे. आईनं खरवडलं. झडती येणार होती त्याच्या आदल्या रात्री.
दिवा मी धरला होता.
चेहरा सापडला नाही तर माणूसही सापडणार नाही,
असं तिचं गणित."
"मग? सापडला?"
लेइडा हातमोजे चढवते, एकेक बोट सावकाश.
"नाव लिहिलंय ना मागे? नियमात बसतं. घ्या."

पान एकसष्ट.

मार्चमध्ये छापखान्यातल्या पोराचा फोन, टार्टूहून, आवाजात उत्साह:
"एकसष्टवरचा फोटो खराब झाला होता, आम्ही दुरुस्त केलाय.
जादा पैसे नाहीत."
मी संगणकावर उघडून बघते. टोपीखाली चेहरा.
गुळगुळीत, तरुण, किंचित हसरा, कुणाचाच नाही,
बाकी चौघांकडून थोडं थोडं उसनं घेऊन जमवलेला.
नाक तर चक्क लेइडाच्या आईचं.

बघतच राहिले जरा वेळ, खोटं कशाला बोलू.
देखणा होता.
मग म्हणाले, "बाळ, ती जागा होती तशी परत कर.
ओरखडे हवं तर मोजून घे. एकही कमी नको."

पलीकडे कळफलकाची टकटक. मग तो म्हणाला,
"बरं. आणि शेळीच्या पाठीतून तो खांब उगवलाय, तो पुसू?"
"खांब नाही, दीपगृह आहे ते," मी म्हणाले.
"राहू दे."