सौताडा, एप्रिल

पाटोदा सोडलं आणि
रस्त्यानं माणसं उतरवून टाकली.
दोन्हीकडं मुरूम, तरवड,
डॅशबोर्डवर वितळलेली चिक्की.

हारूननं कड्यापाशी जीप थांबवली.
"हा धबधबा," म्हणाला,
रिकाम्या खुर्चीकडं बोट करून
कुणी म्हणावं तसं : हे आमचे थोरले.

खाली दरी. काळ्या कातळावर
पाण्याची नुसती वाट, उभी, पांढुरकी,
पाटी पुसल्यावर राहते तशी.
एक घार त्या वाटेनं सावकाश उतरत गेली.

द्रुपदाक्कानं तरी मोबाइल काढला.
"कामून काढता फोटू? पाणी कुठंय?"
"आवाज येतोय की," ती म्हणाली.

आम्ही गप्प.
गार होणारं इंजिन टिकटिकत होतं.

निघताना हारूननं रेडिएटरमध्ये
प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलं.
थोडं सांडलं,
ते जमिनीनं
आम्हाला बघूही दिलं नाही.