अकरा मिनिटांचा शॉट

महोत्सवाच्या अर्जात विचारलंय :
दिग्दर्शकाची भूमिका, दोनशे शब्दांत.
मी लिहिलं, माझे वडील मागावर सूत विणतात,
मी दृश्यं विणते.
बापूंना वाचून दाखवलं.
ते रात्रपाळीहून नुकते आलेले.
कानातले कापसाचे बोळे काढत म्हणाले,
टॉवेलनं अंग पुसता येतं, रजिता.
तुझ्या त्यानं काय पुसणार?
आणि कडक भाकरीचा तुकडा मोडला.

वाक्य खोडलं.
दोनशेच्या दोनशे शब्द पुन्हा शिल्लक.

आईवर फिल्म करायची ठरवून तीन महिने झाले.
विडी घरकुलातल्या दोन खोल्या,
उंबऱ्याशी ती, मांडीवर सूप,
पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ,
आणि तंबाखूचा वास,
जो वास असतो हे मला
कॉलेजात बाकावरची मुलगी सरकून बसली तेव्हा कळलं.

कॅमेरा काढला की आई लग्नकार्याची साडी नेसून येते.
एरवी पानाकडे न बघता
शेजारणीशी भांडत हजार वळणारी बाई
लेन्ससमोर एकेक विडी
पाहुण्याला चहा द्यावा तशी वळते.
नेहमीसारखं कर ना, आई.
मग तू नेहमीसारखी बस की.
डोळ्याला डबा लावून काय करूलालीस?

पोट भरतं ते लग्नांवर.
परवा बाळीवेशीत एका नवऱ्यामुलानं
अक्षता स्लो मोशनमध्ये मागितल्या.
दिल्या.
तांदळाचा दाणा हवेत इतका वेळ थांबू शकतो
हे बघून त्याच्या आत्याला रडू आलं.
पैसे मिळाले अर्धे,
उरलेले वेणूनं मागून आणले,
आणि त्यातून त्याच्या मोबाइल दुकानाचं रील
फुकटात करून घेतलं.

मग बुधवारी रात्री
दोन वाजून दहा मिनिटांनी
बोळातून हाक आली : नीळ्ळु वच्चिनै!
पाचव्या दिवशी आलेलं पाणी.
मी अंधाराचे शॉट घेत बसले होते,
कॅमेरा तसाच पायरीवर टाकला
आणि घागर उचलली.
तो चालूच राहिला.

अकरा मिनिटं.
फ्रेम तिरकी. माणसं गुडघ्यापर्यंत.
शमा आपाच्या हिरव्या चपला,
माझ्या पायातली तुटकी पट्टी,
पिंपाकडे जाणारे, परत येणारे,
घसरता घसरता सावरलेले पाय.
ओल्या फरशीवर दिव्याचा पिवळा तुकडा
प्रत्येक पावलाखाली फुटतो आणि पुन्हा जुळतो.
हे मी मांडलं असतं
तर इतकं धड मांडता आलं नसतं.

सातव्या मिनिटाला बापूंच्या टाचा येतात.
सुट्टी होती त्यांची.
आईच्या हातातली बादली त्यांच्या हातात जाते,
म्हणजे बादली फ्रेमच्या वर जाते
आणि दुसऱ्या पायांपाशी उतरते.
आई काहीतरी बोलते.
बापू हसतात.

तीस वर्षं मागाच्या खडखडाटात
त्यांचे कान गेलेत.
घरात आई त्यांना मीठ हवं का विचारते
तेही तिसऱ्या घराला ऐकू जातं.
पण इथं तिचा आवाज
नळाच्या धारेतून वेगळा निघतच नाही.
हेडफोन लावला, धार खाली आणली,
आवाज ताणला, घासला.
नाही.
मला मशीन लावून ऐकू येत नाही
ते त्या माणसाला कसं गेलं?

आईला लॅपटॉपवर दाखवलं.
तिनं आधी पिंप पाहिलं.
बघ, झाकण लावायचं राहिलंय.
मग पाय ओळखले सगळ्यांचे, एकेक करून,
स्वतःचे सोडून.
तू बापूंना काय म्हणालीस इथं?
ती पुढचं पान कापत होती.
पाण्याचंच असेल काहीतरी.
बोटं मात्र थांबली,
दोरा तसाच अर्धा वेढा घेऊन.

अर्जाची मुदत उद्या संपते.
पाणी परवा.