दातांच्या कण्या

महाजंगापासून आत, तांबड्या नदीच्या काठी
झाफिसुआ चाळण हलवते.
रबरी चपला, पाणी गुडघ्याला,
मगरीवर नजर ठेवायला धाकटा भाऊ;
त्याची नजर पतंगावर.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
तिचं भरतं. दिवसाला आठ हजार आरियारी,
दुपारचा भात वेगळा.

गाळ जातो, खडे राहतात.
खड्यांत एखादा काळा, चकाकता,
तांदळाच्या कणीएवढा:
पुढे तीन सुळके, मागे खळगा,
उखळ आणि मुसळ एकाच घरात.
सोळा कोटी वर्षांमागे
मोठ्यांचं राज्य झोपल्यावर
कुणीतरी मिशांनी वाट चाचपत आलं
आणि इथे एक किडा कुटला.

पाहुण्या बाईंच्या वहीत होतं:
असले दात आधी उत्तरेत, मग खाली पसरले.
भिंगातून त्यांनी बराच वेळ पाहिलं.
वही मिटली. पुन्हा उघडली.
एक ओळ खोडली,
पेन्सिलीने, हलकेच.

रात्री चुलीपाशी म्हणाल्या,
जबड्यातली हाडं सरकत सरकत कानात गेली,
जे चावायचं ते ऐकू लागलं.
"माझ्या सासूचं उलट," झाफिसुआ म्हणाली,
"कानात पडलं की थेट जबड्यात."
सगळे हसले. तीही.

मग बराच वेळ गप्प.
इकडे राजाच्या अस्थी धुतात,
अनवाणी, गाणी म्हणत.
ह्या कुणाच्या?

सकाळी पहिली चाळण बुडवण्याआधी
तिने चपला काढून
काठावर ठेवल्या.