प्रमाणासाठी

खोका क्रमांक चौदा. काचेच्या निगेटिव्ह, दोनशे अकरा.
हातमोजे घालून एकेक काढायची, खिडकीशी धरायची.
सगळं उलटं दिसतं:
बर्फ काळा, रात्र पांढरी,
माणसांची तोंडं कोळशाची.

दर गुरुवारी मी इथे येते.
पूर्वी हे कंपनीचं धुणीघर होतं,
अजून भिंतींना सोड्याचा वास आहे.
तुर्गेइर पाकिटावरचं वाचतो, मी वहीत उतरवते.
भट्टी दोन, पाया, ऑक्टोबर सत्तेचाळीस.
डोंगरातला बोगदा, तीनशे दहा मीटर.
टर्बाइनचं चाक, वजन बेचाळीस टन,
बाजूला माणूस, प्रमाणासाठी.

तो माणूस माझा बाप.

उजवा खांदा जरा खाली, टोपी मागे सरकलेली,
डावा हात पात्यावर असा टेकवलेला
जसा कुणी दुसऱ्याच्या घोड्याच्या पाठीवर
जपून ठेवावा.
त्या सकाळी त्याचं काम एवढंच:
उभं राहायचं
आणि चाक केवढं मोठं आहे ते दाखवायचं.
त्या तासाची मजुरी मिळाली का, मी एकदा विचारलं.
हसला. म्हणाला, कापली.

मग वसाहतीचे फोटो, ढिगाने.
साहेबांची घरं टेकडीवर, वाऱ्याच्या मागच्या अंगाला,
फोरमनांना सफरचंदाची दोन-दोन झाडं,
आम्हाला दोन खोल्या आणि पिवळा रंग,
कंपनीने ठरवलेला.
त्या पिवळ्याला शोभतील असे पडदे
आई एकवीस वर्षं शोधत होती.
शाळा. बेकरी. खाडीकाठी बँड,
बिगुलवाल्याचे गाल फुगलेले, सूर मात्र काचेत अडकलेला.
पहिला धातू ओतला त्या दिवशीचे नऊ फोटो.
पुढे पलीकडच्या तीरावर गाईंचे दात ठिसूळ झाले,
चारा तोंडातून गळायला लागला,
त्याचा एकही नाही.
तुर्गेइर म्हणतो, कंपनीचा फोटोग्राफर
कंपनीच्याच बोटीने फिरायचा.

शेवटी, खोक्याच्या तळाशी, क्रमांक एक.
तळाशी का, कोण जाणे.
पाकिटावर लिहिलंय: जागा, रिकामी, काम सुरू होण्याआधी.
नदीचं मुख, बर्च, एक लांबलचक माळ.

तेवढ्यात रिस्तेन आली, शाळेची बस लावून,
ओले बूट दाराशी काढून.
तिने काच माझ्या हातून घेतली, तिरकी केली
आणि डाव्या कोपऱ्यात नख ठेवलं.
तिथे केसाएवढी एक काळी रेघ,
झाडांतून वर गेलेली. मला तो ओरखडा वाटला होता.
काच उलटी आहे ना, ती म्हणाली, म्हणून धूर काळा दिसतो.
ही आमच्या आजीची गम्मी.
आवाज चढला नाही तिचा. हरवलेलं मांजर
शेजाऱ्याच्या ओसरीवर दिसावं, तसं बोलली.
मे महिन्यात ते रेनडिअर घेऊन उतरायचे इथे,
जिथे आता भट्टी दोन आहे.

मी वहीतलं 'रिकामी' खोडायला गेले.
तुर्गेइरने माझा हात धरला:
मूळ शब्द खोडायचा नाही, नियम आहे,
खाली टीप घालता येते.
किती ओळींची? रिस्तेनने विचारलं.
एक, तो म्हणाला. फार तर दीड.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
सायरन झाला, दुसरी पाळी.
खिडकीची काच जराशी थरथरली, नेहमीसारखी.
मग मी लिहिलं:
डाव्या कोपऱ्यात धूर. कुणीतरी घरी आहे,
कॉफी