मोजणी

पाचगणीच्या नर्सरीतल्या पोरानं
आधी पानओव्याची कुंडी पुढं केली.
म्हणाला, मॅडम, हेच बोरेज, भजी मस्त होतात.
म्हटलं, बाळा, भजी मला येतात.
मला मधमाश्या हव्यात.

तेहतीस वर्षं नर्सबाई होते मी,
बामणोली ते केळघर,
पायी, लाँचनं, मिळेल त्या जीपनं.
आता घाटाच्या वरच्या अंगाला अडीच गुंठे
आणि एक पेटी,
जिच्यातली सातेरीची वसाहत
दोन वर्षांपूर्वी न सांगता उठून गेली.
पेटीत मुंग्या, आणि मेणाचा जुना वास.

बी काळं, सुरकुतलेलं, उंदराच्या लेंडीएवढं.
कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी टोकलं.
वर आलं ते सगळं खरखरीत,
पानाला लव, देठाला लव,
चार दिवस दाढी न केलेल्या गालासारखं.
पार्टेकाकूंनी एक पान चावून बघितलं.
"काकडीच की ही! मग काकडीच लावायची."
खरं सांगते, मला पटलं होतं.

मार्गशीर्षात कळ्या फुटल्या. आधी गुलाबी,
उमलताना निळ्या:
घशाला लावायच्या जांभळ्या औषधात
भरपूर पाणी घातलं की येतो, तो निळा.
पाच पाकळ्या, आणि तोंड खाली.
लाजून नव्हे.
मधात दव पडू नये म्हणून असावं.

माशी आली नाही.
एक आठवडा. दुसरा.
माश्या होत्या, पण काकूंच्या
बियाला सोडलेल्या कोथिंबिरीवर, तुळशीच्या मंजिऱ्यांवर.
माझ्या निळ्यावर एक मुंगळा, तोही वाट चुकलेला.

मग एका सकाळी, साडेनऊला,
कड्यावरून ऊन उतरल्यावर,
एक सातेरी फुलाला खालून लटकली,
जीपखाली उताण्या सरकलेल्या मेकॅनिकसारखी.
माझा हात आपोआप घड्याळाकडं गेला.
तान्ह्याच्या छातीवर अख्खं मिनिट नजर ठेवायची,
श्वासांचा आकडा चढला की जीप बोलवायची,
ती सवय.
मिनिटात चार फुलं.
वहीत लिहिलं: तारीख, वेळ, चार.

बांधापलीकडून हणमंत रांजणेनं विचारलं,
"बाई, काय चाललंय?"
"मोजणी."
त्याचा चेहराच उतरला.
"मोजणी? नोटीस नाही, काही नाही?
बांध तर आज्याच्या वेळेपासून हाय तिथंच हाय!"
मला हसू आवरेना. फूल दाखवलं.
तो हसला नाही.
त्याच्या पाठीवर पंप होता, भरलेला.

तेव्हा कळलं, मी काय करून बसले होते.
जेवायला बोलावलं होतं,
आणि वाट त्याच्या स्ट्रॉबेरीवरून होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच वाफ्यातलं एक फळ उचललं,
एका अंगानं फुगलेलं, दुसऱ्या अंगानं आक्रसलेलं,
व्यापारी बाजूला काढतो तसलं.
"हणमंत, ही बाजू बघ. इथं कुणी पोचलं नाही."
(लसीच्या यादीतून राहून गेलेल्या घराबद्दल
मी हेच वाक्य बोलायचे.)
"सकाळी माश्या असतात. फवारणी तिन्हीसांजेला कर."
"बाया पाचला जातात, बाई. अंधारात काय दिसणार?"
"बॅटरी मी धरते."

तो काही बोलला नाही.
काकडीच्या वासाचे हात घेऊन मी घरी आले.

तीन दिवस पंप घरघरला नाही.
चौथ्या दिवशी घरघरला, दिवेलागणीला.
मी बॅटरी शोधून धावत गेले,
तर त्याची सून मोबाइलचा उजेड धरून उभी,
तोंडाला ओढणी बांधून.
"तुम्ही बसा, बाई," म्हणाली.

पेटीत अजून मुंग्याच आहेत.
कोण कुठून येतं, कुठं परत जातं,
माझ्या वहीत ते नाही.
बोरेज आपल्याच ओझ्यानं आडवं झालंय,
त्याला तुरीच्या काटकीचा आधार दिलाय.

आज दहाच्या सुमाराला बांधावरनं आवाज आला,
"बाई, इकडनं मोजल्या तर सात भरतात."

मला सहाच दिसल्या होत्या.
सातवी त्याच्या बाजूनं लटकली असणार.