शिंगरू

छोगालालनं पहाटे पावणेचारला दार वाजवलं.
"हड्डीवाली बाई, मैना ब्याई है. लाईट नहीं है, टॉर्च लेके चलो."
मी माणसांची फिजिओथेरपिस्ट, एमवायच्या तळमजल्यावरची,
घोडीचं मला काय कळतं?
तरी स्वेटर चढवला.

जुन्या इंदुरात, कान्ह नदीच्या वासाकडे पाठ करून
त्याचा पत्र्याचा तबेला.
खुंटीला वरातीची झूल, चमकीची,
आणि खाली गवतात ओलं, काळंशार,
नुसते पायच पाय.

खुरांना अजून मऊ बोटं होती,
आईच्या पोटाला ओरखडा नको म्हणून आलेली,
चालू लागलं की झिजून जाणारी.

गाय मागून उठते, घोडा पुढून.
हे मला छोगालालनं सांगितलं.
पुढचे दोन पाय टेकले, फाकले,
मान वर, आणि मागचं सगळं अंग
दुसऱ्याच कुणाचं असावं तसं गवतात पडून.
कोसळलं.
मी मोजू लागले, सवयीनं.
तिसऱ्यांदा भिंतीवर, पाचव्यांदा बादलीत.
सहाव्यांदा मी पोटाखाली हात घालायला वाकले.
"रेन दो," तो म्हणाला, ओठांत न पेटवलेली बिडी.
"तुम पकड़ोगी तो वो तुम पे खड़ा होगा."

मैना चाटत होती, थोडी ढकलतही होती.
नवव्यांदा ते उभं राहिलं.
उभं म्हणजे काय, थरथरत होतं:
मांडी, पाठ, मानेतला तो बारीक स्नायू
ज्याचं नाव मी तोंडी परीक्षेत विसरले होते,
सगळे एकमेकांना हाका मारत,
मी ओढतो, तू सोड, अरे सोड ना.
मग एक पाऊल. तेही आडवं.
आचळ शोधताना आधी भिंत चोखली,
मग माझा टॉर्च.

दहा वाजता वॉर्डात मुजुमदार काका,
डावी बाजू गेलेली. आयुष्यभर गणित शिकवलं.
रोज म्हणतात, धर गं, घट्ट धर.
धरलं.
मग काखेतला हात
जरासा, मधून कागद सरकेल इतकाच,
बाजूला घेतला.
गुडघा लटपटला. त्यांनी रागानं पाहिलं माझ्याकडे.
मी पंख्याकडे बघत आकडे म्हणत राहिले,
मोठ्यानं,
आणि सातानंतर मी अडखळले तेव्हा
आठ त्यांनीच म्हटलं,
चूक दुरुस्त करावी तसं.