पळण्याचं कारण

शुक्रवारी दुपारी शारजाहून निघालो,
नझनीन परकारच्या जुन्या पजेरोत चौघं.
डिकीत केळी, खजूर, उकडलेले बटाटे
आणि सायमनचं वेळापत्रक, लॅमिनेट केलेलं:
कितव्या किलोमीटरला किती घोट पाणी,
कुठे मीठ चाटायचं, कुठे बोलणं बंद.
रोहिदासने त्याचाच पंखा करून वारा घेतला.
"घोन्साल्विस सर, पायांना वाचता येत नाही."

हत्ताच्या अलीकडे डोंगर सुरू होतात,
दूध करपलेल्या पातेल्याच्या रंगाचे.
मग सीमा.

खिडकीतल्या अधिकाऱ्याचं हिंदी आमच्याहून साफ.
"मस्कत में क्या काम?"
"भागने जा रहे हैं," मी म्हटलं.
"किससे?" तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.
आम्हीही हसलो. रोहिदास सोडून.

नऊ वर्षांपूर्वी, पाच महिने पगार नाही म्हणून
तो एका साइटवरून दुसऱ्या साइटवर गेला होता,
पाठीला पिशवी, हातात कढई.
कंपनीने कागदावर एकच शब्द लिहिला: पळाला.
पुढे दंड, माफीची मुदत, खेटे.
मिटलं सगळं. पण मिटलेलं
स्क्रीनवर कुठे उरतं का, कुणाला माहीत.
अधिकारी वाचत राहिला.
रोहिदास काउंटरची कड बोटांनी धरून उभा,
एसीत, घामाने निथळत,
शर्यत आधीच होऊन गेल्यासारखा.

काय काय पळतं आपल्या भाषेत.
झोप पळते, तोंडचं पाणी पळतं,
चोर पळतात, आणि मुली.
मिरजेत माझ्या नावापुढे अजून तेच क्रियापद आहे.
खरं तर नवऱ्याच्या घरातून
नर्सिंगचं सर्टिफिकेट तेवढं घेऊन
मी चालत निघाले होते.
चालत, भर दुपारी, स्टँडपर्यंत.
रिक्षापुरते पैसे होते. घाई नव्हती.

शिक्का पडला.
गाडीत बसल्यावर नझनीनने काही न बोलता
खजुराचा डबा मागे दिला.

शनिवारी पहाटे मस्कतच्या किनाऱ्यावर
शेकडो माणसं अंधारात, मुतारीच्या रांगेत.
ठरलं होतं: कुणी कुणासाठी थांबायचं नाही.
भोंगा वाजला आणि तिघंही
पाठमोऱ्या गर्दीत विरघळले.
समुद्र होता म्हणे उजवीकडे,
मला उजाडेपर्यंत फक्त वास आला.
मग ऊन. जानेवारीतलं, पण ऊनच.

एकतिसाव्या किलोमीटरला पोटरीला पीळ बसला,
धुण्याला देतात तसा.
फुटपाथवर बसकण मारली.
कप गोळा करणारा चितगावचा पोरगा जवळ आला,
माझ्यामागचा रिकामा रस्ता बघून म्हणाला,
"दीदी, पीछे कोई है?"
"नाही," म्हटलं, मराठीतच.
आणि ऐकून माझं मलाच नवल वाटलं.
थोड्या वेळाने उठले.

पोचले तेव्हा कमानीतली हवा सोडत होते.
लाल कापड गुडघ्यात वाकत चाललेलं,
मी मान घालून त्याखालून गेले,
ठेंगण्या घरात शिरावं तशी.
सायमनचं वेळापत्रक अठराव्या किलोमीटरलाच फसलेलं.
नझनीन बर्फात पाय घालून फोनवर,
दाभोळहून आई विचारत होती, कितवी आलीस?
रोहिदास एका टेबलापाशी वाद घालत होता.
पोरगी म्हणत होती, सर्टिफिकेट ईमेलवर येईल.
"नको. कागद. नाव, तारीख, वेळ. आणि शिक्का."
"शिक्का नाहीये आमच्याकडे."
"मग सही कर."
तिने केली, हिरव्या स्केचपेनने.

परतताना सीमेवर दुसराच अधिकारी होता.
पासपोर्टच्या घडीत रोहिदासने तो कागद ठेवलेला,
हिरवी सही वर येईल असा.
अधिकाऱ्याने तो बाजूला सारून शिक्का मारला,
काही विचारलं नाही.

रोहिदास तरी खिडकीशी रेंगाळला जरा.
मागच्या गाडीने हॉर्न दिला.
आम्ही चौघं पजेरोकडे निघालो,
चार म्हातारी खेकडी,
एकमेकांना धरून, तिरपी.